निवद कुणाच्या जोत्यावर?

चैत्र लागला की सोलापुरात एकच शब्द कानावर पडायला लागतो, मायनस. ‘उजनी मायनसमध्ये गेली’, म्हणजे धरणातलं पाणी वापरायच्या साठ्याच्याही खाली गेलं, असं रिक्षावाला सांगतो, दूधवाला सांगतो, शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडता उघडता कुणीतरी सांगतं आणि सगळ्यांचे चेहरे उतरतात. आधीच नळाला पाणी येतं ते पाहुण्यासारखं, आता त्या पाहुण्याची वाट आणखी बघायची. मीही चेहरा उतरवते. पिंपं घासून ठेवते, टाकी झाकते, अंघोळीला एकच बादली मिळेल असं लेकीला बजावते. आणि हे सगळं करताना आतून मला आनंद होत असतो. इतकी वर्षं झाली, या आनंदाचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

कारण माझं माहेर त्या धरणाच्या काठावर आहे, करमाळ्याच्या बाजूला. पाणी पार खाली गेल्याशिवाय आमचं जुनं गाव वर येत नाही. सगळं शहर पाणी कधी येणार म्हणून विचारतं आणि मी भावाला फोन करून विचारते, “पाणी कुठवर मागं गेलं रे?” नवरा ऐकतो आणि हसतो. “तुझ्या माहेरच्यांचं गणितच उलटं,” म्हणतो. खोटं तर तो बोलत नाही.

ते गाव नांदतं असताना मी पाहिलेलं नाही. माझा जन्म नव्या गावठाणातला, सरळ रस्ते आणि चौकोनी प्लॉट यांच्यातला. जुन्या गावाला आमच्याकडे सगळे नुसतं ‘बुडीत’ म्हणतात. लहानपणी मी शाळेत ऐटीत सांगायची, “आमचं दुसरं घर बुडीतात हाय.” बाई माझ्याकडे कीव आल्यासारखं बघायच्या आणि मला वाटायचं, यांना एकच घर आहे म्हणून यांना वाईट वाटतंय.

उन्हाळ्यात आधी महादेवाच्या देवळाचं शिखर दिसायचं, वाळलेल्या शेवाळानं पांढुरकं झालेलं, टोकावर पंख पसरून बसलेला पाणकावळा. मग बाभळींची काळी खोडं. मग हळूहळू घरांची जोती, म्हणजे नुसते दगडी पाये. घरांवरची सपाट माळवदं, तुळया, चौकटी लोकांनी गाव उठतानाच उचकटून नेल्या होत्या. गाळाला भेगा पडायच्या, पायाखाली शिंपले कडकड मोडायचे, आणि मासळीचा, ओल्या मातीचा, कुजलेल्या गवताचा असा एक वास यायचा की नाक दाबावंसं वाटायचं आणि भूकही लागायची. पाणी मागं सरेल तसे लोक त्याच्यामागे कलिंगडं आणि काकड्या लावत जायचे. या गाळपेरीतलं कलिंगड आम्ही दगडावर आपटून फोडायचो आणि मनगटापर्यंत रस ओघळू द्यायचो. ते कलिंगड कुणाच्या शेतातलं, कुणाच्या घरामागच्या परड्यातलं, की कुणाच्या माजघरातलं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. आता पडतो.

आता त्या जागेला लोक किनारा म्हणायला लागलेत. धाब्यावर ‘बीच’ अशी पाटी आहे आणि तिच्यावर नारळाचं झाड रंगवलंय. आमच्या पंचक्रोशीत नारळ फक्त देवापुढं फुटतो. पुण्या-सोलापूरहून कुटुंबंच्या कुटुंबं येतात, फ्लेमिंगो बघतात, तळलेली चिलापी मासळी खातात, पाण्यात पाय सोडून फोटो काढतात. माझा धाकटा भाऊ बाळू शेती सांभाळून त्यांना होडीतून फिरवतो. होडी जरा आत गेली की त्याचं ठरलेलं वाक्य येतं, “कोकणाला समुद्र देवानं दिला, आमाला सरकारनं.” लोक हसतात. मीही हसते आणि मग मला वाटतं, हसायला नको होतं.

आमची सहल मात्र या सगळ्यांच्या आधीपासूनची. वैशाखात एक दिवस धरून आप्पा, म्हणजे आमचे वडील, सगळ्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून बुडीतात न्यायचे. आई आदल्या दिवशी पुरण घालायची. फडक्यात बांधलेल्या पोळ्या, कटाची आमटी, कुरडया, आणि पोरांना मधल्या वेळेला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. जुन्या घराच्या जोत्यावर निवद दाखवायचा, मग तिथंच सगळ्यांनी जेवायचं. गाव उठल्यावर आमच्याकडच्या पुष्कळ घरांनी हा रिवाज पाडून घेतला. घर सोडलं पण घराला उपाशी ठेवलं नाही, असं आई म्हणायची.

आप्पा जागा शोधायचे ते बघण्यासारखं असायचं. शिखराकडे तोंड करायचे, मागचा डोंगर खांद्यावरून बघायचे, मान तिरकी करायचे आणि मग गाळातून चालत जाऊन एका जोत्यावर उभे राहायचे. “हे बघा आपलं घर. हितं चूल. हितं कणगी. हितं मी शाळंची पाटी फोडली म्हणून मार खाल्ला.” आम्ही त्या चुलीपाशी बसून खोटा स्वयंपाक करायचो, धान्याच्या कणगीत लपल्यासारखं करायचो. ते घर मला आमच्या राहत्या घरापेक्षा जास्त पाठ होतं. राहतं घर कुणी असं बोट ठेवून दाखवत नाही.

आप्पा गेले, तरी बाळूनं सहल चालू ठेवली. मधल्या काळात गावात आणखी एक गोष्ट सुरू झाली. मुक्ता नावाची गावातलीच मुलगी, करमाळ्याला कॉलेज करून आलेली, उन्हाळ्यात पाहुण्यांना बुडीत गाव पायी फिरवून दाखवायला लागली. डोक्यावर टोपी, गळ्यात छोटा स्पीकर. देऊळ, बारव, वेस, चावडी, सगळं ती नीट सांगते. गेल्या उन्हाळ्यात तिनं ठरवलं की ओळखू येतील त्या जोत्यांवर घरमालकाच्या नावाच्या पत्र्याच्या पाट्या लावायच्या. पाट्या पांढऱ्या रंगवून तयार ठेवलेल्या. घरच्या माणसांसमोर खात्री करायची आणि तिथल्या तिथं ब्रशनं नाव लिहायचं, असा तिचा नेम.

पहिली पाटी आमची, हे बाळूनं आधीच सांगून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला ती हवी होती. फार हवी होती. आप्पांच्या नावाचं आता काय उरलंय? बुडीतातली जमीन सरकारजमा, नव्या घरावर बाळूचं नाव. ज्या मातीवर तो माणूस दरवर्षी अनवाणी चालत गेला तिथं पावसाळ्यापर्यंत का होईना त्याचं नाव असावं, एवढंच माझं म्हणणं होतं. पाणी चढलं की पाटी काढून ठेवायची, उतरलं की पुन्हा लावायची.

त्याच उन्हाळ्यात गयाआत्या माझ्याकडे राहायला आली. आत्या आप्पांची थोरली बहीण, मंद्रूपला दिलेली. तिच्या बोलण्यात मंद्रूपचं कानडी मिसळलेलं, नवल वाटलं की ‘हौदा?’ म्हणते. ती लग्न होऊन गेली आणि थोड्याच दिवसांत गाव उठलं. दिवाळीला नव्या घरी यायची, पण काठावर चल म्हटलं की मान हलवायची. “बुडलेलं म्हायेर काय बघायचं?” गेल्या वर्षी सोलापुरात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा निघाला आणि तिनं आधी माझ्या स्वयंपाकघरातल्या जळमटांकडे बोट दाखवलं, मग म्हणाली, “आता लख्ख दिसतंय की. चल, दाखीव माजं घर.”

आम्ही निघालो. आत्या, मी, बाळू, सोबत पुरणपोळीचा डबा. मुक्ता पाहुण्यांची एक फेरी घेऊन आमच्या पुढंच होती. ऊन चढायच्या आत पोहोचलो. मला आठवतं, मी जोत्यापाशी आले आणि नेहमीप्रमाणे घरी आल्यासारखं चप्पल काढली.

आत्या समोर उभी राहिली. कमरेवर हात. “हे?”

“हे,” बाळू म्हणाला. “ही काय चूल. हितं कणगी. हितं आप्पांनी पाटी फोडलेली.”

“आन् दार?”

“हे काय, हितनं.” जोत्याला एका बाजूला दोन पायऱ्या आणि उंबऱ्याचा दगड आहे, त्याकडे त्यानं बोट केलं.

“ही कुटली दिशा?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत भूगोल शिकवते. पण फळ्यावर उत्तर नेहमी वर असते आणि इथं वर नुसतं आभाळ होतं. मी सूर्याकडे पाहिलं, हात आडवे केले, गोल फिरले आणि ‘पूर्व’ असं काहीसं पुटपुटले. मुक्तानं मोबाइलमध्ये बघून हळूच सांगितलं, “दक्षिण येतीय, मॅडम.”

“मग हे आपलं घर न्हवं,” आत्या म्हणाली.

बाळू हसला. “आत्या, डोळं नवं हायत. जरा सवय होऊं दे.”

“डोळं नवं हायत रं, डोकं जुनंच हाय. आपलं दार उगवतीला. दक्षिणंला दार गावात एकाच घराला. यमाचं दार म्हनायचो आमी पोरंसोरं. हे आपल्या शेजाऱ्याचं घर. ज्यांच्याशी आपलं बोलनं बंद हुतं, त्यांचं.”

“आणि आपलं?” मी विचारलं.

आत्या वळली. उतारावरून खाली, पाण्यात कुणीतरी जाळं टाकून होडीत उभं होतं. “त्या होडीच्या आसपास आसंल. आपन लई खालच्या अंगाला, नदीला लागून. ते कवाच उघडं पडायचं न्हाय.”

आम्ही दोघं भावंडं त्या होडीकडे बघत राहिलो. होडीतला माणूस आपल्याकडे का बघतायत म्हणून हात हलवायला लागला. मीही हात हलवला.

मग आत्यानं विचारलं, “निवद कुटं ठिवायचा सदा?” सदा म्हणजे आमचे आप्पा.

मी दाखवलं. उंबऱ्यावर नाही, चुलीपाशीही नाही. मागच्या बाजूला, उताराकडच्या भिंतीचा जो पाया उरलाय, त्याच्या मधोमध. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. सावली असते म्हणून असेल, असं मला वाटायचं. तिथं सावली नसते.

“हौदा?” आत्या म्हणाली आणि त्या दगडांपाशी जाऊन वाकली. “अगं, हीच की ती भीत. अर्धी त्यांची, अर्धी आपली. हिच्यापायीच भांडान. हिच्या पल्ल्याड आपलं परडं आन् मग उतारानं घर. माज्या बापानं मरस्तवर त्या दाराकडं बघितलं न्हाय, आन् ह्यानं हितं बसून पुरनपोळी वाडली.” आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून सांगितलेलं, पण मी तिला पुसू दिले.

तेव्हापासून माझा जो गोंधळ उडालाय तो अजून बसलेला नाही. आप्पांना माहीत होतं? गाव उठलं तेव्हा ते करमाळ्याला बोर्डिंगात शिकत होते, उठणारं गाव त्यांनी पाहिलं नाही. चुकले असतील. पण यमाचं दार गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल तर ते आप्पांना ठाऊक नसेल? मग त्यांनी आम्हाला मुद्दाम दुसऱ्याचं घर दाखवलं? आपलं पाण्याखालून कधीच येणार नाही, पोरांना काहीतरी दिसलं पाहिजे, म्हणून? की अर्धी भिंत आपली आहे, एवढी तरी आपली आहे, म्हणून? पाटी फोडल्याचा मार खरा, चूल खरी, कणगी खरी. फक्त ती तिथं नव्हती. खऱ्या आठवणी आम्ही चुकीच्या जागेवर ठेवून वाढवल्या आणि त्या तिथं छान रुजल्या. आता त्यांना तिथून उपटायचं कसं, आणि का?

कधी मला आप्पांचा राग येतो. फसवलं, असं वाटतं. भाकरी थापता थापता येतो आणि तव्यावरची भाकरी करपते. कधी त्यांची इतकी माया वाटते की तिथंच ओट्याशी उभी राहून रडते. एकाच माणसाबद्दल एकाच दिवसात हे दोन्ही कसं होऊ शकतं? नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “तू आप्पांना विचारायला हवं होतंस.” त्याचं म्हणणं कधीच चुकत नाही, हीच त्याची खोड आहे.

यंदाही उजनी मायनसमध्ये गेलीय. परवा बाळूचा फोन आला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, “शालनताई, ह्या वर्षी निवद कुटं ठिवायचा गं?” बाळू, ज्याला आयुष्यात कधी प्रश्न पडत नाहीत, तो. मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि पिंप भरायला घेतलं, तर ते भरून वाहून गेलं. भर उन्हाळ्यात, सोलापुरात. शेजारच्या बाईंनी गच्चीवरून ओरडून सांगितलं तेव्हा कळलं.

विचार कसला करायचा? त्या दिवशी आत्यानं काय केलं ते मी बघितलंच होतं.

त्या दिवशी मुक्ता ब्रश बुडवून उभी होती. पाहुणे उन्हात ताटकळत होते, एक बाई छत्रीखालून विचारत होत्या, फ्लेमिंगो किती वाजता असतात. बाळू मला बाजूला घेऊन म्हणाला, “लिवू दे की आप्पांचं नाव. कुनाला काय कळतंय? त्या लोकांचं कोण येतंय हितं?” मुक्ता माझ्याकडे बघत होती. लिही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पांढरी पाटी, तिच्यावर आप्पांचं नाव मला दिसतही होतं. पण मी आपली चप्पल कुठं काढली ते शोधायला लागले.

आत्या तोवर उंबऱ्याच्या दगडावर बसली होती. “गोदीचं घर म्हनून लिव,” ती म्हणाली.

“गोदी कोण?” मी विचारलं.

“ह्या घरची पोर. माज्याच वयाची. भीत खाली हुती गं, माळवदाला कुटं भीत आसती? तिचं माळवद हितवर, आमच्या परड्यातल्या गुरांच्या गोट्याचं त्येला लागून. दोगी वर चडायचो. ती उकडल्याल्या शेंगा आनायची, मी ताक. खाली म्हातारी मानसं एकमेकाला शिव्या घालायची आन् वर आमी शेंगा खायाचो.” आत्यानं वर, माळवद असायचं तिकडं बोट केलं. “माज्या लग्नाला तिला येऊं दिलं न्हाय. मंगलाष्टकं चालली, मी मान वर केली, तर ही माळवदावर उबी. मूठभर तांदूळ आनल्यालं. तितनंच टाकलं. माज्यापतूर एक दाना आला न्हाय, सगळं परड्यात पडलं, कोंबड्यांनी खाल्लं.”

“आता कुठं असते?”

“कुनाला ठावं. गाव उठल्यावर तिचा बाप श्रीपूरच्या कारखान्यावर गेला म्हनं. तिला कुटं दिली, हाय का गेली, काय म्हायती न्हाय.”

मुक्तानं ‘गोदी’ लिहिलं आणि ब्रश उचलून धरला. “आडनाव काय लावू, आज्जी?”

“आडनावाशी आमचं भांडान हुतं बाळ. गोदीशी न्हवतं.”

मुक्तानं तसंच लिहिलं. बाळू तोंड फिरवून पाण्याकडे बघत उभा राहिला. मी त्याच्याजवळ गेले, काहीतरी समजूत घालावी म्हणून, पण माझीच समजूत पटलेली नव्हती. आपल्या वडिलांचं नाव आता या गावात कुठंच लागणार नाही, एवढं मात्र दोघांनाही कळलं होतं.

“आन् निवद?” बाळूनं न वळताच विचारलं. “आता ह्यांना कशाला? पान्यात सोडू.”

“इतकी वर्सं जेवू घातलंय,” आत्या म्हणाली, “आता एकाएकी उपाशी ठिवायचं व्हय?” तिनं डबा स्वतः उघडला. पोळी, भात, आमटी, कुरडई, सगळं पत्रावळीवर नीट मांडलं. भिंतीपाशी नाही नेलं. दक्षिणेच्या दारातून आत गेली आणि चुलीच्या जागी ठेवलं. मग पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

पाहुण्यांची फेरी पुढं चावडीकडे निघाली. मुक्ताच्या स्पीकरचा आवाज लांब गेला. ऊन आता चटके द्यायला लागलं होतं. आम्ही आवराआवर केली, तरी आत्या जोत्यावरून उठेना.

“शालन, पानी दे,” ती म्हणाली.

“गाडीत गार बाटली हाय,” बाळू म्हणाला. “तितं चल, सावलीला बसून पी.”

“तितं कशाला? पयल्यांदा आलीया मी हिच्या घरी. तशीच कोरडी जाऊ?”

मी पिशवीतली बाटली दिली. ऊन लागून पाणी कोमट झालं होतं. आत्या घोटभर प्यायली, थांबली, आणखी घोटभर प्यायली. पदरानं तोंड पुसलं, बाटली माझ्या हातात दिली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना मागं वळून म्हणाली, “येते गं, गोदे.”